चिंधीला घरी आणण्याआधी

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा केदारखेड्याच्या शाळेत मास्तर होते, आणि घरी आले तरी त्यांचं मास्तरपण सुटत नसे. आम्ही काही मागितलं की ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. ते प्रश्न विचारत. रिबीन हवी म्हटलं की विचारायचे, कोणत्या रंगाची, त्याच रंगाची का, आणि हरवली तर काय करशील? एवढी उत्तरं देईपर्यंत रिबिनीची हौसच फिटून जायची. त्यामुळं मी आणि माझा धाकटा भाऊ आनंद फार थोड्या गोष्टी मागायचो. पण कुत्रीचं एक पिल्लू मात्र मी मागितलं, आणि त्यासाठी चार दिवस रोज संध्याकाळी परीक्षा दिली.

आमचं घर म्हणजे वस्तीच्या टोकाला दोन खोल्या. वस्तीतलीच एक म्हातारी बाई लेकाकडे राहायला गेली होती, तिनं त्या आम्हाला दिल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, दादांची लाकडी पेटी आणि वह्यांचे गठ्ठे. मागच्या खोलीत मायची चूल. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर यायची ती गावातल्या पिठाच्या गिरणीची पुकपुक. तिच्या तालावर माय भाकरी थापायची. ते दिवस मिलोचे, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल धान्याचे होते. पाऊस रुसला होता, शेतं उघडी पडली होती आणि ज्वारी डोळ्यांना दिसत नव्हती. मिलोची भाकरी तव्यावरून उतरताना बरी दिसायची, पण गार झाली की चामड्यासारखी व्हायची. माय ती कुस्करून त्यावर शेंगदाण्याचं पातळ कालवण ओतायची आणि म्हणायची, "गरम हाय तोवर जल्दी खाऊन घ्या." त्या कालवणाचा, लसणाचा आणि धुराचा वास मला अजून मधूनच येतो. माझ्या स्वयंपाकघरात धूर नाही, तरीही येतो.

शाळेमागे कडब्याची एक गंज होती. खालचा कडबा ओढून नेल्यामुळं तिच्यात बीळ झालं होतं, आणि त्यात एका मोकाट कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. चार नर एकामागून एक उचलले गेले. शेतावर राखण करायला नर सगळ्यांनाच हवा होता. राहिली एक मादी. मातकट रंगाची, एक कान मुडपलेला, अंगावर केस कमी आणि बरगड्याच जास्त. कुत्री पुढंपुढं तिला सोडून दिवस दिवस हिंडायला लागली. मी मधल्या सुट्टीत जाऊन माझ्या डब्यातला तुकडा तिला घालायची. ती आधी माझी बोटं चाटायची आणि मग तुकड्याकडे बघायची. एवढ्यावरच मी हरले.

"काय खाईल ती?" दादांनी पहिल्या संध्याकाळी विचारलं.

"माझ्यातली अर्धी भाकर."

"आन् तू?"

"मी अर्धी खाईन."

"आज खाशील. उद्या खाशील. परवा भूक लागली मंग?"

दादा म्हणाले, "इचार करून सांग. जल्दी न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न आला. विहीर खोल गेली होती आणि माय दोन फेऱ्यांत दमून जायची. तिसरी फेरी मी करीन म्हणाले. दादांनी दुसऱ्याच दिवशी पहाटे उठवून मला तिसऱ्या फेरीला पाठवलं. पिल्लू अजून शाळेमागेच होतं, पण फेरी सुरू झाली. मग प्रश्न आला, कुणाला चावली तर? मग, पावसात कुठं बांधशील? मधेच चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, "अवं, मादी हाय ती. वरसा-दीड वरसात तिचीच पाच होतील. ती पाच कुठं घालायची, हे इचारा की पोरीला." त्याचंही उत्तर मी दिलं. काय दिलं ते आठवत नाही. बहुतेक प्रत्येक पिल्लासाठी वर्गातली एकेक मैत्रीण नेमली होती.

शेवटचा प्रश्न चौथ्या दिवशी आला. दादा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि विचारलं, "सुजाता, कुत्रं किती वर्षं जगतं?"

"म्हाईत न्हाई."

"चांगलं सांभाळलं तर दहा-बारा वर्षं. तू आता अकरा वर्षांची. बारा वर्षांनी कुठं असशील तू?"

मला बारा वर्षं म्हणजे किती हेच उमगेना. मी चहूकडे बघितलं. माय पाटावर बसून दाणे निवडत होती, आनंद गोट्या मोजत होता, गिरणी चालू होती. मी म्हणाले, "इथंच."

दादांनीही एकदा चहूकडे बघितलं. मग म्हणाले, "जा, घेऊन ये."

मी तिला परकराच्या ओच्यात घालून आणलं. मायनं बघितलं आणि म्हणाली, "आगं, काय ही, नुसती चिंधी!" तेच नाव पडलं.

चिंधी आली आणि घरातल्या प्रत्येकानं तिच्याशी आपापल्या परीनं नातं जोडलं. आनंद तिच्यावर ओरडायचा आणि तिच्याच पाठीवर डोकं ठेवून झोपायचा. माय दिवसभर तिला बोल लावायची, "सरक, मधी मधी नको करून राहू," आणि भाकरीची करपलेली कड न विसरता वळचणीला ठेवायची. पुढल्या साली पाऊस झाला, ज्वारी आली, आणि मायनं पहिली पांढरी भाकरी केली तेव्हा तिचा पहिला तुकडा कुणाला गेला हे मी पाहिलं होतं. दादा मात्र तिला हात लावत नसत. ते फार स्वच्छतेचे. धुतलेला पायजमा, धुतलेला सदरा, दोन्ही घरीच तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेले. चिंधी रोज सकाळी त्यांच्या चार पावलं मागून शाळेपर्यंत जायची, ते आत गेले की परत यायची. दादांनी कधी मागं वळून तिला हाकललं नाही, बोलावलंही नाही. पण एकदा ती तापानं पडून होती, तेव्हा दादा अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन थांबले, मागं बघितलं, आणि घड्याळात बघून मग निघाले.

एकदा तिनं शेजारच्या काशीबाईंच्या कोंबडीचं पिल्लू मारलं. तोंडात पिसं घेऊन शेपूट हलवत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. काशीबाई वस्ती डोक्यावर घेऊन ओरडत होत्या. दादांनी मला एवढंच म्हटलं, "कुत्री कुणाची?" मी एकटी गेले. काशीबाईंनी मला तोंडभर ऐकवलं, मी ऐकून घेतलं, आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या कोंबड्या सांजच्याला मी झाकून येत होते. तेव्हा तो अपमान वाटला होता. आता वाटतं, तेवढ्या दिवसांत मी जितकी मोठी झाले तितकी पुढं कुठल्याच वर्षात झाले नाही.

आमच्या घरात तिला दोन वर्षं मिळाली. बारा नाही, दोन. उन्हाळ्यात दादांची अंबडला बदली झाली.

आमच्यासाठी बदली नवी नव्हती. मी जन्मल्यापासूनचं ते चौथं गाव असणार होतं. पण मागच्या गावांतून निघताना आम्हाला पेटी, भांडी आणि तसबीर एवढंच उचलायचं होतं. दादा तीन रविवार खोली शोधायला अंबडला गेले. पहाटेच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला यायचे. आले की पाय धुवायचे, पाणी प्यायचे आणि मायकडे बघून मान हलवायचे. मला तेव्हा वाटायचं, अंबड मोठं गाव, तालुका, कोर्टकचेरी, तिथं खोल्या कमी असतील. खोल्या होत्या. दादा मास्तर म्हणून सांगितलं की घरमालक या या म्हणत, चहा ठेवायला सांगत. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असे. हे मला दादांनी कधीच सांगितलं नाही. मी बीएडला असताना मायनं सांगितलं, आणि तेही भाजी निवडता निवडता, वर न बघता.

तिसऱ्या रविवारी खोली मिळाली. कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दादांना आडनाव विचारलंच नाही. पुढं आम्ही त्यांच्या घरी सात वर्षं राहिलो, चाचींच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला, माझं लग्न ठरलं तेव्हा चाचांनी माझ्या सासऱ्यांना आपल्या सुंदर अक्षरात पत्र लिहिलं. पण त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली होती. दादांनी ती घरी येऊन त्यांच्याच शब्दांत सांगितली. "मास्टरसाब, कमरा आपका. खाओ, पकाओ, कुछ भी करो. बस, कुत्ता नको. घर में नमाज होती."

मी चिंधीच्या गळ्यात हात घालून उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "मंग दुसरी खोली बघा की."

दादा सदऱ्याची बटणं काढता काढता थांबले आणि पुन्हा काढायला लागले.

माय म्हणाली, "सुजे, तीन आयतवार हिंडले तुझे दादा. पुन्यांदा असं बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. ती चिडलेली नव्हती. काहीतरी झाकत होती.

परवाच पुण्याहून माझ्या मुलीचा फोन आला. तिच्या मुलीला कुत्रा हवा आहे. माझी मुलगी हुशार, तिनं सगळी चौकशी केलेली. जात कोणती घ्यावी, लशी किती, केस गळतात का, सुट्टीत गावाला गेलं तर कुठं ठेवायचं, सोसायटीचे नियम काय. सगळं ऐकून मी विचारलं, "आणि घर बदलायची वेळ आली तर?" ती हसली. म्हणाली, "आई, फ्लॅट आपल्याच नावावर आहे. कोण काढणार आपल्याला?" ते किती सहज म्हणाली ती! मी म्हटलं, मग आण बाई, खुशाल आण.

चिंधीसाठी जागा दादांनीच शोधली. गावाबाहेर ओढ्यापलीकडे दगडूतात्यांचं शेत होतं. तात्या आणि त्यांची बायको पार्वताकाकू बारा महिने शेतावरच राहत. त्यांची मुलं दादांच्या हाताखाली शिकलेली. काकू म्हणाल्या, "गुरुजी, लेकरावानी सांभाळू. तुम्ही बिनघोर जा." निघायच्या दोन दिवस आधी मी आणि आनंद तिला तिथं सोडून आलो. तात्यांनी तिला लिंबाच्या बुंध्याला सुती दोरीनं बांधलं. ती भुंकली नाही, ओढही घेतली नाही. आम्ही तिला बांधून जातो आहोत ही गोष्टच तिला खरी वाटत नसावी. ती फक्त उभी राहून बघत होती, मुडपलेला कान सरळ करायचा प्रयत्न करत.

सामान आदल्या दिवशी ट्रकमधून पुढं गेलं होतं. सकाळी आम्ही चौघं दोन पिशव्या आणि एक वळकटी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे होतो. काशीबाई निरोप द्यायला आल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला गाडीची धूळ दिसायला लागली आणि आनंद ओरडला, "ताई, चिंधी!"

ती आली होती. गळ्यात हातभर दोरी लोंबत होती, तिचं टोक चावून चावून ओलं झालेलं. ती माझ्याकडे आली नाही, कुणाकडेच आली नाही. सरळ वळकटीवर चढली आणि बसली. जाणाऱ्या सामानात आपणही आहोत, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टर दार उघडून म्हणाला, "चला, चला." माय म्हणाली, "बसा आता. कुणीतरी नेऊन सोडील तिला."

"कुणीतरी म्हंजे कोण?" दादा म्हणाले.

दादांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग ज्यांनी दोन वर्षांत तिला बोट लावलं नव्हतं, त्या दादांनी खाली वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं. पोटाशी धरलं. तिचे मातीनं भरलेले पाय त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर रुतले. कंडक्टरला ते म्हणाले, "जाऊ द्या तुम्ही. आम्ही दुपारच्या गाडीनं येतो."

मी म्हणाले, "मी येते."

"तू न्हाई. तू आलीस तर ती राह्यची न्हाई."

ते ओढ्याच्या वाटेनं चालत गेले. त्यांच्या खांद्यावरून तिचं तोंड मागं होतं, आमच्याकडे. मला वाटलं ती धडपडेल, पण ती शांत होती. तिला कधी कुणी एवढं लांब उचलून नेलंच नव्हतं. बाभळीच्या आड गेले आणि दिसेनासे झाले. आम्ही तिघं पिशव्यांवर बसून राहिलो. काशीबाईंनी घरून भाकरी आणि ठेचा आणून दिला. "खा गं पोरी," त्या म्हणाल्या, "उपाशी पोटी गाव सोडू न्हाई." मी खाल्लं. भूक लागली होती याचीही मला लाज वाटली.

दादा परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सदऱ्यावर पंजाचे ठसे आणि सगळीकडे मातकट केस. माय पदरानं झटकायला लागली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." माझ्या शेजारी वळकटीवर बसले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मी तुला समदं इचारलं. भाकरीचं इचारलं, पाण्याचं इचारलं. बदलीची नोकरी माझी. मी मलाच काही इचारलं न्हाई."

बापानं लेकीपुढं चूक कबूल करावी असा तो काळ नव्हता. मी त्यांच्या बाहीवरचा एक केस उचलला आणि मुठीत धरून बसले. अंबडला उतरलो तेव्हा मूठ उघडली तर तो नव्हता.

अंबडचे पहिले महिने मी सकाळी उठायची आणि गिरणीची पुकपुक ऐकायची वाट बघायची. तिथं कानावर यायची ती बांग, मग चाचींच्या बांगड्या, मग कोर्टाकडे जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या. माय भाकरीची कड अजूनही बाजूला काढून ठेवायची, मग आठवून उचलायची. आम्ही कुणी तिच्याकडे बघायचो नाही. शाळेत मला विचारलं की तुझ्या घरी कोण कोण, तर मी चार जण सांगायची आणि आकडा चुकल्यासारखा वाटायचा.

दिवाळीच्या सुट्टीत दादा म्हणाले, "चल, जाऊन येऊ." दोघंच गेलो. गावात न थांबता सरळ ओढ्याकडे. पाणी होतं ओढ्याला, मी परकर धरून ओलांडला. शेतात ज्वारी माझ्या डोक्याएवढी झाली होती. मला तात्यांची झोपडी दिसेना, म्हणून मी लांबूनच हाक मारली, "चिंधे!"

ज्वारीच्या ताटांतून काही आलं नाही. पुन्हा हाक मारली. तेव्हा पार्वताकाकू बांधावर आल्या. "आगं बाई, गुरुजी! या, या." मग त्यांनी झोपडीकडे तोंड करून हाक दिली, "भुरे!" आणि चिंधी बाहेर आली.

ती अंगानं भरली होती. केस दाट झाले होते. मला बघून ती थांबली, कान ताठ केले, आणि मग जी धावत आली ती मला घेऊन मातीत पडली. तिनं माझं तोंड चाटलं, हात चाटले, दादांच्या भोवती दोन घिरट्या घातल्या. मी रडत होते आणि हसत होते. मला वाटलं, झालं, सगळं होतं तसं आहे. तेवढ्यात झोपडीच्या कुडामागून बारीक कुंई कुंई आवाज आला. चिंधीनं मान वळवली, आणि माझ्या हातांमधून उठून गेली.

कुडामागं पोत्यावर चार पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले. चिंधी आडवी झाली आणि ती तिला लुचायला लागली. मी जवळ बसले तेव्हा ती गुरगुरली नाही. शेपूट दोनदा आपटलं. काकूंनी आम्हाला तांब्या भरून पाणी दिलं, ओंजळीत वरून ओतून नाही, तांब्याच हातात दिला, आणि दादांनी तो घेताना काकूंकडे बघितलं. मग काकू मला म्हणाल्या, "आमच्यात भुरी म्हणतेत तिला. लई गुणाची. रानडुकरं फिरकत न्हाईत हिच्या धाकानं. तुला पाह्यजे का एखादं? दूध तुटलं की घेऊन जा. हक्काचं हाय तुझं."

मी एक पिल्लू उचललं. मातकट रंगाचं, मादीच होती. तळहातावर मावत होती, पोट गरम, हृदय बोटांखाली उडत होतं. दादा माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला कळलं, मी आता हो म्हणाले तर ते चाचांकडे जाऊन बोलतील. हात जोडतील. चाचा नाही म्हणाले तर पुन्हा रविवारी खोल्या शोधायला निघतील. माझ्यासाठी ते करतील.

"नको, काकू," मी म्हणाले. "आमच्याकडं जागा न्हाई."

दादा दुसरीकडे वळले आणि ज्वारीचं एक कणीस हातात घेऊन उगाच निरखत राहिले.

मी पिल्लू पोत्यावर ठेवलं. चिंधीनं त्याला हुंगलं. मग जिभेनं डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं, उलटं करून पोट चाटलं, जिथं जिथं माझा हात लागला होता तिथं तिथं, सावकाश, एकही जागा न सोडता. मग नाकानं ढकलून त्याला बाकीच्या तिघांत घेतलं आणि डोळे मिटले.